‘राहू द्या साहेब!’ : पोलिसांनी फुकटचा चहा प्यावा का?

(आपल्या पॉडकास्टच्या भाग 52 चं लिखित रूप. बोलताना झालेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कुठे आहात? लोकलमध्ये, जिममध्ये, की भांडी घासताना कानात इअरफोन? जिथे असाल तिथे आजचा भाग जरा नीट ऐका, कारण आज एका माणसाला उत्तर द्यायचंय आणि त्याच्याकडे वेळ कमी आहे.

आपला एक श्रोता आहे. नाव, जिल्हा काहीच सांगत नाही, कारण तसं मी त्याला कबूल केलंय. पोलीस भरतीत निवड झाली त्याची, ट्रेनिंग संपत आलंय. त्याने व्हॉइस नोट पाठवली. तो म्हणतो, “ताई, ट्रेनिंगमध्ये कायदा शिकवला, परेड शिकवली, फायरिंग शिकवलं. पण पहिल्या दिवशी टपरीवाला म्हणाला ‘राहू द्या साहेब’, तर काय करायचं ते कोणी शिकवलं नाही. आमचे सिनियर म्हणतात, तिथे जाऊन जास्त शहाणपणा करू नको. एक चहा घेतला तर काय चुकलं? आणि नाही घेतला तर मी एकटा पडेन का?”

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला. पोलीस आणि पैसा म्हटलं की आपण डायरेक्ट कोटींवर जातो. न्यूज चॅनेल, पाकिटं, बार, बदल्या. हा मुलगा दहा रुपयांच्या चहाबद्दल विचारतोय. आणि तो एकटा नाही. 2024 च्या भरतीत साधारण 17 हजार जागांसाठी 17 लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पहाटे उठून 1600 मीटर किंवा 800 मीटर मारलंय, गोळा फेकलाय, किंवा तुमचा भाऊ, मैत्रीण, वर्गमित्र आत्ता त्या लाइनीत आहे. यातले जे लागतात, त्यांना कोटींचा प्रश्न आयुष्यात कदाचित कधीच पडत नाही. चहाचा मात्र पहिल्या आठवड्यात पडतो.

आधी आपली भाषाच बघू. या गोष्टीला आपल्याकडे किती शब्द आहेत! चहापाणी, चिरीमिरी, पाकीट, दिवाळीचं पोस्त, तोडपाणी, हप्ता. ‘हप्ता’ हा शब्द मूळचा फारसी, अर्थ आठवडा. हफ्त म्हणजे सात. कॅलेंडरमधला साधासुधा शब्द, तो आपल्याकडे येऊन फ्रिजचा ईएमआय झाला आणि नाक्यावर येऊन वसुली झाला. आणि ‘चहापाणी’ तर घरातलाच. दारात आलेल्याला चहापाणी विचारणं हे संस्कारात धरतात. तोच शब्द ऑफिसच्या टेबलावर आला की आवाज बारीक होतो. शब्द तोच राहिला म्हणून आपल्याला वाटतं की गोष्टही तीच आहे.

यामागे एक जुनी सवयही आहे असं मला वाटतं. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण करणाऱ्याला, जागल्याला, महिन्याचा पगार कोण देत होतं? सुगीला गावच त्याला धान्याचा वाटा द्यायचं. राखणदाराला आपणच खाऊ घालायचं, ही आपली कैक पिढ्यांची रीत. ती रीत अंगात राहिली, पण व्यवस्था बदलली. आज पोलिसाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि त्या तिजोरीत तो टपरीवालाही भरतो. बिस्किटच्या पुड्यावर जीएसटी आहे, गॅसच्या सिलिंडरवर आहे. म्हणजे साहेबांच्या चहाचे पैसे त्याने एकदा भरलेले आहेत. ‘राहू द्या साहेब’ म्हणतो तेव्हा तो दुसऱ्यांदा भरतो.

आता नियम. कंटाळू नका, दोन मिनिटं फक्त.

राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना, त्यात पोलीस शिपाईही आला, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. आयपीएस अधिकाऱ्यांसाठी अखिल भारतीय सेवांचे 1968 चे वेगळे नियम आहेत. पण गाभा एकच: नियमातले अपवाद सोडले तर भेट घ्यायची नाही आणि आपल्या घरच्यांनाही घेऊ द्यायची नाही. ‘भेट’ म्हणजे फक्त वस्तू नाही बरं का. फुकट प्रवास, फुकट जेवण, फुकट मुक्काम, फुकट सेवा, सगळं त्यात येतं. जवळचे नातेवाईक आणि ज्यांचा तुमच्या कामाशी संबंध नाही असे मित्र, यांना वेगळं धरलंय. आणि एक गोष्ट नियम लिहिणाऱ्यांनी माणुसकीने ठेवलीये: सहज झालेलं जेवण, कोणी दिलेली लिफ्ट, साधा पाहुणचार याला भेट समजू नये. मात्र लगेच पुढे म्हटलंय की ज्याचा तुमच्या कामाशी संबंध येतो, त्याच्याकडचा थाटाचा किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळा.

‘वारंवार’ हा शब्द लक्षात ठेवा. पंचनाम्याला गेलात, घरातल्या आजीने पाणी आणि चहा पुढे केला, तो घेतला, यात कोणाचं काही बिघडत नाही. नाक्यावरच्या टपरीवर रोज सकाळी सव्वाआठला तोच चहा, पैसे न देता, म्हणजे पाहुणचार नव्हे. कोणता पाहुणा रोज येतो हो?

आणि दुसरा कायदा, भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988. त्याचं कलम 7 सगळ्यांना ऐकून माहीत असतं, काम करण्यासाठी किंवा अडवण्यासाठी लाच घेणं. कलम 11 कोणी सांगत नाही. ज्या माणसाचा तुमच्या सरकारी कामाशी संबंध आहे किंवा येण्याची शक्यता आहे, त्याच्याकडून मोबदला न देता किंवा अपुरा मोबदला देऊन गैरवाजवी फायदा घेणं हाही गुन्हा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ‘अपुरा मोबदला’ म्हणजे काय ते डोक्यात येतंय का? पाच हजारांचा मोबाइल दोन हजारांत. ‘पैसे दिलेत ना मी’ हे उत्तर तिथे पुरत नाही. चहासाठी कोणी खटला भरणार नाही हे मलाही कळतं. पण कायद्याची रेषा कुठून सुरू होते तेवढं माहीत असावं.

आता नियमांची पुस्तकं बाजूला ठेवू आणि टपरीच्या आत जाऊ. मला तिथलं थोडं माहीत आहे. माझ्या मामाची एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडबाहेर चहा-वड्याची गाडी होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचे. मामाकडे दोन वह्या होत्या. एक उधारीची, त्यात रिक्षावाले, हमाल, कंडक्टर. दुसरी खर्चाची. बेसन, तेल, बटाटे, रॉकेल आणि त्याच्याच खाली एक ओळ असायची: ‘स्टाफ’. मी विचारलं, मामा, स्टाफ म्हणजे कोण, आपल्याकडे तर एकच पोऱ्या आहे. मामा हसला. म्हणाला, “तो स्टाफ नाही गं, खाकीतला.”

ही ओळ उधारीच्या वहीत नव्हती, म्हणजे हे पैसे परत येणार नाहीत हे त्याने धरलेलंच होतं. ती दानधर्मातही नव्हती. तेल आणि बटाट्याच्या खाली होती. धंदा चालवायला जो माल लागतो त्यातला एक. आपण बाहेरून बघतो तेव्हा ‘किती प्रेमाने देतो बघा’ असं वाटतं. वही मात्र खोटं बोलत नाही.

आजच्या भावाने हिशोब करून बघा. समजा दिवसाला दहा चहा, दहा रुपयांप्रमाणे, शंभर झाले. सहा वडापाव, पंधराने, नव्वद. एकशे नव्वद रुपये रोज. महिन्याचे पाच हजार सातशे. कितीतरी गावांत ह्या पैशात एक खोली भाड्याने मिळते, पोराची क्लासची फी निघते. आणि घेणाऱ्या प्रत्येकाने फक्त एक चहा घेतलेला असतो. ‘एका चहाने काय होतंय’ असं म्हणणारा खरंच बोलतो, त्याच्या एकट्याच्या चहाने काहीच होत नाही.

मग मामा नाही का म्हणत नव्हता? कारण गाडीचं लायसन नव्हतं. रस्त्यावर धंदा करणाऱ्या बहुतेकांची हीच गोची आहे. 2014 साली पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा आला. त्यात सर्वेक्षण करायचं, शहराची समिती करायची, विक्री प्रमाणपत्रं द्यायची असं सगळं आहे. कलम 27 तर स्पष्ट सांगतं की प्रमाणपत्राच्या अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलिसांनी किंवा इतर कोणी अडवायचं नाही. कागदावर छान. पण ते प्रमाणपत्रच हातात नसेल तर कलम 27 चा उपयोग काय? सर्वेक्षणं रखडली, समित्या रखडल्या, आणि तोपर्यंत गाडी उभी राहते कोणाच्या तरी मर्जीवर. त्या मर्जीचं भाडं म्हणजे तो चहा. इथे पोलिसाने तोंडाने काही मागावंच लागत नाही. तो नुसता येऊन उभा राहिला तरी पुरतं.

म्हणून भेट आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. देणाऱ्याला न घाबरता ‘आज नाही जमणार’ म्हणता येतं का? मित्राला म्हणता येतं. मेव्हण्याला म्हणता येतं, जरा तोंड वाकडं करेल इतकंच. बीटवरच्या हवालदाराला मामा म्हणू शकत नव्हता.

एक गंमत सांगते. त्या स्टँडवर एक हवालदार होते, ते पैसे दिल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. सुट्टे नसतील तर चहा न घेता निघून जायचे. तुम्हाला वाटेल मामाला ते फार आवडत असतील. सुरुवातीला तर तो त्यांनाच सगळ्यात जास्त घाबरायचा! “हा माणूस काहीच घेत नाही, म्हणजे याच्या मनात आहे तरी काय?” घेणाऱ्याचा भाव ठरलेला असतो, न घेणाऱ्याचा अंदाज येत नाही. किती उलटं झालंय बघा डोकं आपलं. पुढे स्टँडवर मारामारी झाली, कोणीतरी मामाच्या गाडीची काच फोडली. तेव्हा ठाण्यात जाऊन मामाने विचारलं कोणाला? त्यांनाच. ज्यांना वर्षानुवर्षं चहा पाजला त्यांच्यातल्या एकाकडेही तो गेला नाही.

बरं, या सगळ्यात एक व्यक्ती अजून आलीच नाही. समजा त्याच नाक्यावर एक बाई नवीन आली, कणसं भाजून विकायला. जागेवरून भांडण झालं. पोलीस आला. तो सहा महिने समोरच्या गाडीवर चहा पितोय. कदाचित तो माणूस अगदी सरळ असेल, न्यायाने वागेलही. पण त्या बाईने त्यावर विश्वास का ठेवायचा? तिने त्याला रोज तिथे ग्लास हातात घेऊन उभं बघितलंय. निकाल तिच्या बाजूने लागला तरी ती म्हणणार नशीब, आणि विरोधात लागला तर म्हणणार चहा. दोन्ही वेळा कायदा कुठे आलाच नाही.

अमेरिकेत पोलिसांच्या फुकट कॉफीवर बरीच चर्चा झालीये. तिथले मायकल फेल्डबर्ग नावाचे अभ्यासक आहेत, त्यांचा 1985 चा एक निबंध याच विषयावर आहे. त्यांचा मुद्दा साधारण असा की कॉफीने पोलीस भ्रष्ट होतो का यापेक्षा मोठा प्रश्न असा आहे की पोलिसांचा वेळ सगळ्यांना सारखा मिळायला हवा, आणि फुकट कॉफी तो वेळ एका दुकानाकडे ओढते. आपल्याकडेही दुकानदार उघड म्हणतात, “दोन पोलीस बसलेले असले की बरं असतं.” खरंय, बरं असतं. तुमच्या दुकानासाठी. पण ते दोघं तिथे बसलेत तेव्हा मागच्या अंधाऱ्या गल्लीतून क्लासवरून घरी जाणाऱ्या मुलींसाठी कोण आहे? त्या गल्लीत हॉटेल नाही, चहा नाही.

आता पोलिसांची बाजू. ती न सांगता हा भाग संपवला तर तो खोटेपणा होईल, आणि आपल्याला ऐकणारी पोलिसांची मुलं-मुली मला सोडणार नाहीत.

बारा-बारा तास ड्यूटी. मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, पुढे तो वाढवला, पण राज्यभरात आजही कितीतरी जणांना आठ तासांत घर दिसत नाही. पुण्याची विसर्जन मिरवणूक घ्या, चोवीस तास उलटून जातात, आणि रस्त्यावर उभा असलेला माणूस तोच. तिथे एखाद्या मंडळाने पुलाव आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या तर मी म्हणेन, खा बाबांनो. लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी नाक्यावरच्या पोलिसांना नाश्ता दिला, ताक दिलं, मास्क दिले. त्यातला एकही घास मला खटकत नाही. उघड दिलं, सगळ्यांना दिलं, आणि देणाऱ्याचं कोणतंही काम त्या ताकात बुडलेलं नव्हतं. आणि बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाला दुकानदाराने बाथरूम वापरू दिलं, तर त्याला कोणी लाभ-बिभ म्हणू नये. दिवसभर उभं करून साधी ती सोय न करणाऱ्यांना प्रश्न विचारावा.

खरं सांगायचं तर खात्यानेच या फुकटेपणाची सवय लावलीये. तक्रार द्यायला गेलात आणि ‘कागद घेऊन या, झेरॉक्स काढून आणा’ असं ऐकलंय ना? तपासाला दुसऱ्या गावी जायचं तर ‘गाडीची सोय होईल का?’ हेही ऐकलं असेल. ज्या ठाण्याला कागद आणि डिझेल पुरत नाही, तिथला शिपाई काय शिकतो? की काम चालवायचं तर बाहेरून कोणाकडून तरी घ्यावं लागतं. फिर्यादीच्या गाडीत बसून तपासाला जाणारा पोलीस आरोपीला काय दिसत असेल, विचार करा.

आणि माझा सगळ्यात मोठा राग तर चहावर नाहीच. रस्त्यावरचे पोलिसांचे बॅरिकेड बघा पुढच्या वेळी. वर ‘पोलीस’, खाली ज्वेलर्सचं नाव. ट्रॅफिक चौकीवर बिल्डरचा बोर्ड. काही ठिकाणी एसी, खुर्च्या, रंगकाम, सगळं ‘सौजन्याने’. पत्रकं निघतात, फोटो निघतात, हार घालतात. शिपायाने फुकट वडा खाल्ला की व्हिडिओ व्हायरल, आणि बिल्डरने चौकी बांधून दिली की सत्कार! उद्या त्या बिल्डरने फ्लॅट दिला नाही म्हणून तुम्ही फसवणुकीची तक्रार घेऊन त्याच परिसरात गेलात, आणि दारावर त्याचंच नाव असेल, तर पायरी चढताना तुमच्या पोटात काय होईल? उघड दिलंय हे मान्य. पण मघाचं मंडळ आणि हा बिल्डर यात फरक आहे. पुलाव रात्रीत संपतो. बोर्ड वर्षानुवर्षं लटकत राहतो, आणि त्या माणसाची कामं त्या ठाण्याच्या हद्दीत सतत निघत राहतात. ठाण्याला लागणाऱ्या वस्तू सरकारने विकत घ्याव्यात. पोलिसाच्या चहाचं आणि नाश्त्याचंसुद्धा सरकारनेच बघावं, ते त्याहून कितीतरी स्वस्त आहे.

आता थोडं आपल्याकडे बोट. पासपोर्ट. साधा 36 पानी पासपोर्ट काढायला आपण 1500 रुपये फी भरतो, आणि पोलीस व्हेरिफिकेशनसाठी अर्जदाराने वेगळे काही द्यायचे नसतात. तरी काय होतं? काम झाल्यावर एक शांतता पसरते. मग, “खुशीने काय द्यायचं ते द्या.” आणि आपणच, परदेशी शिकायला जायच्या आनंदात, पाचशेची नोट पुढे करतो आणि मित्रांना सांगतो, बिचाऱ्याने मागितलेही नाहीत. मंडळी, 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही सरळ गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुम्हाला द्यायला भाग पाडलं असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करायची, मग तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर 1064. सेव्ह करून ठेवा, पिझ्झावाल्याचा असतोच ना.

आता आपल्या मित्राचा दुसरा प्रश्न, मला वाटतं त्याचा खरा प्रश्न हाच आहे. ‘मी एकटा पडेन का?’

यासाठी जरा लांब जाऊ, हाँगकाँगला. तिथेही लाचेला काय म्हणायचे माहीत आहे? ‘चहाचे पैसे’. शपथ! आपलं चहापाणीच. 1960 आणि 70 च्या दशकात तिथल्या पोलिसांत हे इतकं मुरलेलं होतं की नव्या भरतीला एक बसची उपमा ऐकवायचे. बसमध्ये चढ, म्हणजे सगळे घेतात तसं घे. चढायचं नसेल तर बाजूने धावत राहा, म्हणजे घेऊ नको पण आड येऊ नको. मात्र बससमोर उभा राहू नकोस, चिरडला जाशील. 1973 मध्ये पीटर गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी बेहिशेबी संपत्तीची चौकशी चालू असतानाच देश सोडून पळाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि 1974 मध्ये पोलिसांपासून पूर्ण स्वतंत्र असा भ्रष्टाचारविरोधी आयोग उभा राहिला. गॉडबरला परत आणून 1975 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. 1977 मध्ये चिडलेले पोलीस आयोगाच्या कार्यालयावर चाल करून गेले आणि सरकारला जुन्या बऱ्याच प्रकरणांना माफी द्यावी लागली. पण आयोग टिकला. बस थांबवायला एकट्या शिपायाला पुढे उभं करून भागत नाही, बाहेरून ब्रेक लावणारा लागतो, हे त्यांनी मान्य केलं.

त्यामुळे भावा, तुला मी असं सांगणार नाही की पहिल्या दिवशी ठाण्यात भाषण ठोक. तुझे सिनियर म्हणतात त्या ‘शहाणपणा करू नको’मध्ये थोडं तथ्य आहे. तू बारा तास त्यांच्यासोबत उभा राहणार आहेस, दंगलीत तुझ्या बाजूला तेच असणार आहेत. त्यांना चोर म्हणून तुला काही मिळणार नाही. पण स्वतःचे पैसे स्वतः द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. चिडवतील, ‘हरिश्चंद्र आले’ म्हणतील. काही दिवस जड जातील हे मी लपवणार नाही. एक मात्र बघ, प्रत्येक ठाण्यात एखाददुसरा तसा जुना हवालदार असतोच, मामाच्या स्टँडवर होता तसा. त्याला शोध. चहाला त्याच्यासोबत जा.

आणि तुझ्या पिढीकडे एक सोय आहे जी त्या हवालदारांकडे नव्हती. गाडीवर क्यूआर कोड लटकलेला असतो. चहा सांगायच्या आधीच स्कॅन कर. टपरीवाला ‘राहू द्या साहेब’ म्हणेपर्यंत साउंडबॉक्स अख्ख्या नाक्याला ओरडून सांगतो, ‘दहा रुपये प्राप्त झाले’. आता परत कोण करणार? पहिल्या आठवड्यात तो घाबरेल, तुझ्याकडे संशयाने बघेल. घाबरू दे. पंधरा दिवसांत त्याला सवय होईल. मग तो तुला साखर कमी की जास्त ते विचारायला लागेल, जसं गिऱ्हाइकाला विचारतात.

नाक्यावर कोणी ‘झिरो पोलीस’ फिरत असेल, म्हणजे खात्यात नसलेला पण खात्याच्या नावाने गोळा करणारा, तर त्याच्या हातचं काही घेऊ नको. फुकट रिचार्ज नको, स्क्रीन गार्डही नको. तिथे मात्र एका चहाची गोष्ट राहात नाही. पोलीस ठाण्यात राखी बांधायला शाळेतल्या मुली येतील, हात पुढे कर, ओवाळणी स्वतःच्या खिशातून घाल, मजा कर.

शेवटचं, हे तुला कोणी सांगणार नाही म्हणून सांगते. दिवाळीत तू ड्यूटीवर असशील आणि घरी ड्रायफ्रूटचा बॉक्स येईल. आई खूश होईल, शेजारी बघतील, ‘पोराचं नाव झालं’ म्हणतील. नियम घरच्यांनाही लागतो, ते मघाशी सांगितलं. पण आईला नियम वाचून दाखवू नकोस. पोस्टिंग मिळाली की लगेच, दिवाळीच्या खूप आधी, तिच्याजवळ बस आणि सांग की खोक्यावर कोणाचं नाव आहे ते बघायचं, आणि आपल्या नात्यातलं नसेल तर दारातूनच ‘तो घरी नाही, त्याला विचारून सांगते’ म्हणायचं. खोकं आत आलं की परत पाठवणं फार अवघड जातं. दारात सोपं असतं.

चला, इथेच थांबते. ऐकणाऱ्यांत पोलिसांच्या घरातले कोणी असाल, किंवा टपरी, हॉटेल, पानपट्टी चालवणारे असाल, तर तुमच्या वहीत ती ‘स्टाफ’ची ओळ आहे का ते व्हॉइस नोटवर सांगा. नाव लावणार नाही. पुढच्या भागात भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट आणि ते परत न देणारे घरमालक. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू.